पायरीवरचे शंख

बडोदे स्टेशनवर गाडी सुटायला थोडा वेळ होता आणि आमचा जावई खिडकीचे गज धरून तेच तेच पुन्हा सांगत होता. "बाबा, काही झालं तरी आईला घेऊनच या. ती 'बघू' म्हणेल, 'पुढच्या महिन्यात' म्हणेल. तुम्ही ऐकू नका."

"लईने ज आवीश (घेऊनच येईन)," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. असा शब्द द्यायची वेळ आली की माझ्या तोंडात आपोआप गुजराती येतं. समोरच्या बाकावर बसलेल्या सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्याकडे एक नजर टाकली. मी दिलेल्या शब्दांचं पुढे काय होतं याचा तिला बराच अनुभव आहे.

नितीन, आमचा जावई, रिफायनरीत आहे. दिवाळीनंतर त्यांचा शटडाऊन (दुरुस्तीसाठी प्लांट बंद) सुरू झाला होता आणि रजा मिळण्याची सोय नव्हती. आमची केतकी पहिलटकरीण, होळीच्या सुमाराला बाळ यायचं होतं. आणि नितीनची आई, आमच्या विहीणबाई सुलोचनाबाई, तिकडे सिंधुदुर्गात खाडीच्या तोंडावरच्या घरात एकट्या. पावसाळ्यात खडकावर पाय घसरून त्यांचा गुडघा दुखावला होता. त्यांनी कायमचं बडोद्याला राहायला यावं असं नितीनचं म्हणणं, आणि ते त्यांच्या गळी उतरवायचं काम आमच्याकडे आलं होतं. लग्न बडोद्यालाच झालं होतं, त्यामुळे त्यांचं गाव आम्ही पाहिलंच नव्हतं.

माझी थोडी ओळख करून देतो, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. मी बडोद्याजवळच्या वाघोडियाच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभा जन्म काढला. लोखंडाला भोकं पाडणं हा माझा धंदा. भोक पाडणं म्हटलं की लोक हसतात, पण सरळ, गोल आणि नेमक्या मापाचं भोक पाडून दाखवा म्हणावं. सुनंदा बडोद्याच्या रावपुऱ्यातली, शुद्ध शाकाहारी घरातली. मी बाहेर काय वाटेल ते खावं, पण त्याचा वासही घरात येऊ नये, असा आमचा जुना तह आहे. निघताना छाणी भागातले आमचे शेजारी हसमुखभाई फाटकाशी उभे राहून म्हणाले होते, "दरिये जाओ छो? जोजो, माछली-बाछली ना खाता (समुद्रावर निघालात? बघा हं, मासेबिसे खाऊ नका)!" मी हसून वेळ मारून नेली.

कुडाळला उतरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. तिथून रिक्षाने गाव गाठलं. शेवटच्या वळणावर माड मागे सरले आणि एकदम पाणी दिसलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि दोघांच्या मध्ये काळ्या खडकांची लांब जीभ. सुनंदा एवढंच म्हणाली, "बाप रे, केवढं मोकळं!" बडोद्याच्या माणसाला एवढं मोकळं पाहायची सवय नसते.

विहीणबाई पायरीवर बसून होत्या. उठताना त्यांनी खांबाला धरलं, पण आवाज खणखणीत होता. "येवा, येवा! परवास बरो झालो मा? विहीणबाय, पाय धुवा. व्याहीबुवा, पेटी थंयच ठेवा."

घर लहान आणि लख्ख होतं. अंगणात चार माड, आणि प्रत्येक माडाच्या बुंध्याभोवती रिकाम्या शंखांचं कडं. ओबडधोबड, राखाडी, गाठी आलेले, लिंबाएवढे शंख. मला वाटलं, हौशीने सजावट केली असेल. आम्ही बडोद्याहून नेलेला लीलो चेवडो (बटाट्याचा ओलसर, गोडसर चिवडा) त्यांनी दोन डब्यांत अर्धा अर्धा भरला. एक डबा फळीवर ठेवला. दुसरा हातात घेऊन कुंपणाकडे दोन पावलं गेल्या, थांबल्या, आणि तोही फळीवर ठेवून दिला. कुंपणापलीकडे शेजारचं घर होतं. तिथे एक बाई कपडे वाळत घालत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, आणि तेसुद्धा अगदी ठरवून पाहिलं नाही.

जेवायला सुनंदासाठी काळ्या वाटाण्याची आमटी आणि तांदळाची भाकरी होती. माझ्यासाठी कालवांचं सुकं होतं. कालवं म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे शिंपले. ती फोडून आतला मऊ गोळा काढायचा, हे तिथल्या बायकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. गावात प्रत्येक घराचा खडक ठरलेला आहे. तसा कागद कुठेच नाही, पण कुणी दुसऱ्याच्या खडकावरचं कालव उचलत नाही. विहीणबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने त्यांना घर दाखवायच्या आधी खडक दाखवला होता.

हात धुताना माडाखाली मला कालवाची एक शिंप सापडली. उचलून पाहिली आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. शिंपेला एक बारीक भोक होतं, मोहरीचा दाणा जाईल एवढं. मी चष्मा काढून जवळून पाहिलं. गोल, अगदी गोल. आतल्या भिंती सरळ, कडेला कुठे चीर नाही, कपचा उडालेला नाही. शिंप हा किती ठिसूळ माल! माझ्या हाताखालच्या निम्म्या कारागिरांनी तिचे तुकडे केले असते.

"हे कुणी पाडलं?" मी विचारलं.

विहीणबाई हसल्या. "ता शंखाचा काम." त्यांनी माडाखालचा एक रिकामा शंख उचलून माझ्या हातात दिला. "ह्यो. कालवाक चिकटान बसता, भोक पाडता, नि आतला मटान खाता. दिसता तसो गरीब नाय तो!"

"मग तुम्ही काय करता?"

"आमी तेका खातो," त्या म्हणाल्या. "तेचा रस्सो लय बेस होता. तेका खाल्लो नाय, तर तो खडप (खडक) खाता."

संध्याकाळच्या चहाला मी मूळ विषय काढला. बाळाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं, नितीनचा जीव कसा टांगणीला लागलाय ते तर दोनदा सांगितलं. त्या खालमानेने ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "परवा अवस. मोठी सुकती (ओहोटी) असा. ती जांव दे, मगे सांगतंय." ओहोटीचा आणि बडोद्याला येण्याचा काय संबंध, ते मला कळलं नाही. नितीनने बजावलेलं 'बघू' हेच असावं, असं मी समजलो.

अमावास्येला संध्याकाळी पाणी मागे हटलं ते हटतच गेलं. आदल्या दिवशी जिथे लाटा फुटत होत्या तिथे खडकांचा अख्खा मुलूख उघडा पडला. विहीणबाईंना उतरायला डॉक्टरांनी बंदी केली होती. त्यांनी पायरीवरूनच बोट दाखवलं. "ती बगा, दोन उंच खडपांच्या मधली बसकी. ती माजी. तिच्या बांधाक लागान दुसरी असा, ती..." त्या थांबल्या. "ती दुसऱ्याची."

मी पॅन्ट दुमडून, चपला हातात घेऊन निघालो. सुनंदाने मागून सांगितलं, "अहो, त्या मशीनवर उभे राहायचात तसे उभे राहू नका, घसराल." मी घसरलोच, पण ते कुणी पाहिलं नाही.

त्या खडकांवर चालताना हळूहळू लक्षात येतं की तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. सगळ्यात वर, उन्हाने तापणाऱ्या कोरड्या भागात, दगडाला चिकटलेले पांढरे कण आहेत. पाय ठेवला की तळव्याला टोचतात. त्याखाली कालवांचा पट्टा, एकावर एक थापलेला. आणि कालवांच्या खालच्या अंगाला, जिथे खडकाला कपारी आहेत आणि ओहोटीतही ओल टिकते, तिथे आपले शंख. पाणी गेलं की कपारीत अंग चोरून, दाराला झाकण लावून बसतात. आत घोटभर समुद्र धरून ठेवतात. भरती आली की झाकण उघडून बाहेर पडायचं, वास घेत कालवापाशी जायचं आणि कामाला लागायचं. त्यांचा रंग खडकाचाच. शेवाळ अंगावर, गाठी अंगावर. मी एका कपारीकडे बराच वेळ पाहत होतो आणि मला फक्त दगड दिसत होता. मग एक दगड किंचित हलला आणि एकाएकी सगळी कपार शंखांनी भरलेली दिसली. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने "वा!" म्हणालो.

"काय गावला?" मागून आवाज आला.

विहीणबाईंच्या खडकावर एक बाई ओणवी होऊन शंख काढत होती. साडी वर खोचलेली, कमरेला दोरीने बांधलेली टोपली, हातात लाकडी मुठीचा टोच्या. कुंपणापलीकडच्या घरात कपडे वाळत घालणारी तीच. नाव शालिनी, गाव तिला शालू म्हणतं. वय विहीणबाईंच्याच जवळपास.

"सुलूचे व्याही मा तुमी?" तिने विचारलं. "हात लावा, निघता काय बगा."

एका कालवावर बसलेला शंख तिने दाखवला. मी ओढला. हलला नाही. जोर लावला, तरी नाही. तिने दोन बोटांत धरून जरा पिळा दिला आणि तो सुटून तिच्या हातात आला. खाली कालवाच्या पाठीवर एक उथळ, गोल खळगा होता. काम अर्ध्यावर आलं होतं.

"किती वेळ लागतो याला?"

"तेका काय घाई असा? भरती येता, सुकती येता, तो आपलो बसान रवता. दोन-तीन दिस लागतत. पण धरलेला सोडूचो नाय."

मी तिथूनच केतकीला फोन लावला. तिने मोबाइलवर शोधून सांगितलं, "बाबा, त्याच्या जिभेवर दातांच्या रांगा असतात, कानशीसारख्या. आधी शिंपला मऊ करणारा रस सोडतो, मग खरवडतो. पुन्हा रस, पुन्हा खरवडणं."

"अगं, हे तर आमचंच काम!" मी ओरडलो. "आम्हीही धारेवर तेल सोडतो आणि मग कापतो. फरक एवढाच की आम्हाला वीज लागते आणि हा जेवता जेवता करतो." शालूला यातलं किती कळलं कोण जाणे, पण ती खूप हसली.

मग तिने एका लोंबत्या दगडाखाली वाकून पाहायला सांगितलं. आतल्या छताला पिवळसर, भाताच्या दाण्यांएवढ्या पिशव्यांचा गुच्छ चिकटला होता. ती शंखांची अंडी. शेजारी दोन मोठे शंख होते. त्यांना तिने हात लावला नाही. "सगळे काढूक नाय. दर्याचा हा, तेंचा पण घर असा," ती म्हणाली. मला ते फार आवडलं. ज्याच्याशी भांडायचं त्याच्या पोराबाळांची जागा सोडून भांडायचं, हे माणसांनाही सहसा जमत नाही.

पाणी वळायला लागलं तशी ती टोपली उचलून निघाली. टोपली काठोकाठ भरली होती. जाता जाता हळूच म्हणाली, "मी हंय गावलंय (इथे भेटले) असा सुलूक सांगू नकात." मी मान हलवली, पण मनात पाल चुकचुकली. दुसऱ्याच्या खडकावरून टोपली भरायची आणि वर सांगू नका म्हणायचं! दोन घरांत आधीच अबोला दिसत होता. मी त्यात तेल कशाला ओतू, म्हणून गप्प राहिलो. विहीणबाईंनी, "कोण कोण होता खडपार?" असं विचारलं तेव्हा मी "होत्या पाच-सात बायका" असं मोघम सांगितलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा सुनंदाने अंगण झाडून, सडा घालून, पायरीपुढे छान रांगोळी काढली होती. पाहुणी असली तरी तिच्याने स्वस्थ बसवत नाही. विहीणबाई बाहेर आल्या. आधी पायरीकडे पाहिलं. मग पायरीच्या उजव्या कोपऱ्याकडे, मग डावीकडच्या. रांगोळी पाहून "बरी काडलास" म्हणाल्या आणि आत गेल्या.

चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला. "व्याहीबुवा, तिकीट काडा. येतंय मी बडोद्याक."

मला खरंच वाटेना. "कायमच्या?"

"मगे? हंय कोणासाठी रवू?"

मी तिथल्या तिथे मोबाइलवर तीन तिकिटं काढली आणि नितीनला फोन केला. "खरंच? आई हो म्हणाली?" त्याने पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मी सुनंदाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती मात्र विहीणबाईंकडे पाहत होती. त्या फळीवरची भांडी एकेक करून उतरवत होत्या आणि पुसून पालथी घालत होत्या. कोंबड्या पलीकडच्या वाडीत कुणाला द्यायच्या तेही त्यांनी ठरवलं. दुपारपर्यंत त्या कामापुरतंच बोलल्या.

जेवणानंतर घरात करमेना म्हणून मी बाहेर पडलो. शालूच्या परसात चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. तिने हाक मारली, "येवा, शंख खावा. अर्धे रातीच उकडलंय, हे उरलेले." मी आजूबाजूला पाहिलं आणि गेलो.

शंख उकडले की झाकण सैल होतं. ती बाभळीच्या काट्याने आतलं मांस टोचायची, मनगट फिरवायची आणि शंखाच्या पिळाबरोबर पिळत ते अख्खं बाहेर काढायची. झाकण फेकायचं, शेवटची काळी शेपटी कापून टाकायची, उरलेलं मीठ लावून खसाखसा चोळायचं, बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवायचं. मग भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटपात सोडायचं. तिने वाटीत वाढलं. पहिला घास दातांशी झटापट करतो. मग आतून गोडवा सुटतो, आणि घास गिळल्यावर जिभेच्या टोकाला मिऱ्यासारखी चुणचुण राहते. मी आयुष्यात बरंच खाल्लं आहे, पण असं काही खाल्लं नव्हतं. मी दोन वाट्या खाल्ल्या.

वाटी परत देताना मला तिची बोटं दिसली. टोकं जांभळी होती, पक्क्या शाईत बुडवल्यासारखी.

"हा काय?" ती हसली. एक कच्चा शंख तिने दगडाने फोडला, आतला पिवळसर थेंब माझ्या पांढऱ्या रुमालाला लावला आणि रुमाल उन्हात धरला. आधी तो हिरवा झाला. मग पाहता पाहता जांभळा. वास मात्र असा सुटला की मी तोंड फिरवलं. "जाता जाता जाणा नाय ह्यो रंग. कालच्या टोपलेत बरेच फुटले." मग पातेल्यात डाव ढवळत, माझ्याकडे न पाहता तिने विचारलं, "सुलून बगल्यान काय? शंख?"

"कुठले शंख?"

"पायरेर ठेवलंय मी, रिकामे. फाटफटी (पहाटे)."

मला काही कळलं नाही हे तिच्या लक्षात आलं. तेव्हा तिने सांगितलं. खडकावरची कालवं ज्याची त्याची, पण शंख कुणीही कुणाच्या खडकावरून काढावेत. एखादीला बरं नसलं, खडकावर उतरता येत नसलं, तर जिचा खडक तिच्या बांधाला लागून आहे तिने मोठ्या ओहोटीला जाऊन तिच्या खडकावरचे शंख काढायचे. खायचे आपण, पण रिकामे शंख पहाटे तिच्या पायरीवर नेऊन ठेवायचे. न बोलता. म्हणजे तिला कळतं की खडक साफ झाला, काळजी नको. मग ती ते शंख माडाच्या बुंध्याशी घालते. हे कुणी मागायचं नसतं आणि कुणी सांगायचंही नसतं.

"चवतीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिसात माझी जीब घसारली," शालू म्हणाली. "'लेकान सोडल्यान म्हणान तू ह्या ढोपरान खडपार जातंस,' असा बोललंय. तवापास्ना ती बोलणा नाय. मगे मी काय करू? शंख ठेवलंय."

सकाळी सुनंदाने झाडलेली पायरी मला आठवली. मी उठलो आणि लगबगीने घरी आलो. सुनंदाला मागच्या दारी गाठलं.

"सकाळी पायरीवर शंख होते?"

"होते की. ढीगभर! कसला वास येत होता. मला वाटलं कुत्र्याने कुठून तरी आणून टाकले. मी पिशवीत भरून मागच्या कचऱ्याच्या खड्ड्यात टाकले. का हो?"

मी तिला सगळं सांगितलं. सांगताना माझं दुसरं मन बोलतच होतं. तिकिटं निघाली आहेत, नितीनला कळवलंय, गुडघा दुखावलेलाच आहे, बाळ यायचंच आहे. झालं ते बऱ्यासाठीच झालं. मी हळूच म्हणालो, "सुनंदा, गाडीत बसेपर्यंत गप्प राहूया का? बडोद्याला गेल्यावर सांगू."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. "त्या बाईला वाटतंय आपलं इथे कुणी उरलं नाही, म्हणून ती निघालीय. अशा माणसाला घेऊन जायचं? मी टाकलेत, मीच काढीन."

आणि रावपुऱ्यातली ती शाकाहारी बाई, जिने जन्मात मासळीच्या पिशवीला हात लावला नव्हता, पदर खोचून खड्ड्यात उतरली. पालापाचोळ्यातून एकेक शंख वेचून माझ्याकडे देत होती. नाक आक्रसलेलं, पण एकही सोडला नाही. बायकोचा अभिमान वाटावा असे प्रसंग संसारात येतात, पण त्या वेळी आपण सहसा दुसऱ्याच कशात गुंतलेले असतो. या वेळी मी तिथेच होतो. विहिरीवर आम्ही ते धुतले आणि पुढच्या पायरीवर, तिच्याच रांगोळीवर, ओतले.

"विहीणबाई, बाहेर या," सुनंदाने हाक मारली. त्या आल्या. "हे पहाटे इथे होते. मला ठाऊक नव्हतं. कचरा समजून मी टाकून दिले."

विहीणबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या. मग दुखरा पाय लांब करून पायरीवर बसल्या आणि ढिगात हात घातला. शंख बोटांतून खळखळ खाली पडत होते. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग कुंपणाकडे तोंड करून, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "गो शाले! गो भवाने! आदल्या वर्सासारखो खारट रस्सो करू नको!"

कुंपणापलीकडे पातेल्यावरचं झाकण पडल्याचा आवाज झाला. मग शालू आली, जांभळी बोटं पदराला पुसत. दोघी पायरीवर बसल्या. त्यांचं बोलणं इतक्या वेगाने चाललं की मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. फळीवरचा चेवड्याचा दुसरा डबा शेवटी शालूच्या हातात गेला. शालू चिमूट तोंडात टाकून म्हणाली, "गोड कित्याक हो? बडोद्याक मिरची नाय काय?"

मी मात्र कोपऱ्यात उभा राहून नितीनला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. विहीणबाईंच्या ते लक्षात आलं.

"व्याहीबुवा, तोंड कित्याक पाडलास? तिकीट मोडू नकात. येतंय मी."

"येताय?"

"सकाळी जात होतंय ती कायमची. आता येतंय नातवंडाक बगूक. खडपार बगणारा माणूस असा मा माजा. मगे येवक काय झाला? पण परतीचा तिकीट आताच काडा. पावसाच्या आधीचा."

नितीनला मी फोनवर सगळं जसं घडलं तसं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शालूकाकीने ठेवले?" मी हो म्हणालो. नंतर एवढंच म्हणाला, "काढा बाबा, परतीचं काढा."

विहीणबाई बडोद्याला आल्या. छाणीतल्या आमच्या घरी आणि केतकीच्या घरी आळीपाळीने राहिल्या. केतकीला मुलगी झाली. बाळंतपण त्यांनी असं निभावलं की सुनंदाला फक्त हाताखाली राहायचं काम उरलं. हसमुखभाईंच्या बायकोशी त्या मालवणीत बोलायच्या, ती गुजरातीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं कधी अडलं नाही. बाळाला न्हाऊ घालताना त्या तिला खडपाच्या गोष्टी सांगत. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न चुकता गावाहून शालूचा फोन यायचा. फोनवर खडकाचा विषय निघत नसे. आंब्यांच्या, कोंबड्यांच्या, गावातल्या लग्नांच्या गप्पा होत. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा मात्र मोकळा दिसे.

तो रुमाल मी जपून ठेवला आहे. सुनंदाने साबण, लिंबू, ऊन, सगळं करून पाहिलं, डाग गेला नाही. ती भोकाची शिंपही मी वाघोडियाला नेऊन जुन्या मित्रांना दाखवली. आम्ही सगळे चष्मे काढून तिच्याकडे पाहत बसलो. लहानशा ओल्या जिवाने, मशीन नाही, माप नाही, लाटांचा मार खात, दिवसचे दिवस एका जागी चिकटून हे काम केलं, याचं मला अजून नवल वाटतं. आणि त्याच्यावर नजर ठेवून, त्याची अंडी राखून, त्याला शिजवून खाणाऱ्या, आणि त्याच्या रिकाम्या घरातून एकमेकींना निरोप पाठवणाऱ्या त्या दोन बायकांचं त्याहून जास्त.

पावसाच्या आधी विहीणबाई ठरल्याप्रमाणे परत गेल्या. नितीन स्वतः त्यांना पोचवायला गेला. स्टेशनवरून त्यांना निरोप देऊन आम्ही घरी आलो. फाटक उघडून मी पुढे झालो आणि सुनंदा मागून "थांबा!" म्हणाली.

आमच्या पायरीच्या उजव्या कोपऱ्यात एक रिकामा शंख ठेवलेला होता. धुतलेला, राखाडी, गाठींचा. निघायच्या गडबडीत कधी ठेवला कोण जाणे. त्या आमच्याशी याबद्दल काही बोलल्या नव्हत्या. तसं बोलायचं नसतंच.

आता रोज सकाळी सुनंदा पायरी झाडते. शंखापाशी आली की केरसुणी जरा उचलते, आणि त्याच्या भोवतीने झाडत पुढे जाते.